चौऱ्यांशीच्या दगडाला पाठ

पंढरपूरच्या देवळात एक लेख कोरलेला दगड आहे. लोक त्याला चौऱ्यांशीचा दगड म्हणतात. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत. माझी आत्या तिथं आधी उजवा खांदा घासायची, मग डावा, मग कंबरेपर्यंत खाली येत सगळी पाठ. बाभळीला अंग घासणाऱ्या म्हशीसारखी, अगदी मन लावून. मी तेव्हा अकरा वर्षांचा असेन. तिनं मलाही दंडाला धरून दगडाकडे पाठ करून उभं केलं होतं. दगड गार होता आणि गुळगुळीत होता, एवढंच आठवतं.

त्या दगडावर काय लिहिलंय ते मला तीसएक वर्षांनी कळलं, आणि तेव्हा मी तलाठी होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण तो लेख वाचून इतिहासाचा विद्यार्थी जसा हरखेल तसा मी हरखलो नाही. मला तो ओळखीचा वाटला. शके 1195 ते 1199, म्हणजे इसवी सन 1273 ते 1277 या काळात विठ्ठलदेवाच्या फुलांसाठी आणि देवळासाठी कुणी किती पैका दिला, त्याची ती यादी आहे. सुरुवातीलाच ‘पैकाचा विवरु’ असे शब्द आहेत. देणगीदारांची नावं, पुढे रकमा. हेमाडपंत त्यात आहे, खुद्द रामचंद्रदेव यादव आहे, आणि नावगाव फारसं कुणाला ठाऊक नसलेली कितीतरी माणसं आहेत. ही फुलं ‘आचंद्रार्क’, चंद्रसूर्य असेतोवर चालावीत, म्हणून हा पैका. थोडक्यात, ती जमेची वही आहे, कागदाऐवजी दगडावर लिहिलेली. आणि माझी आत्या मोक्षासाठी त्या वहीला पाठ घासत होती.

हे कळलं तेव्हा मी हसलो. आता तेवढं हसू येत नाही. त्या दगडानं माझ्या डोक्यात जो प्रश्न घातला तो पुढची वीस वर्षं काही निघाला नाही. एखादी श्रद्धा कुठून आली हे सापडलं, की ती खोटी ठरली का?

विठोबाच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच अंगावर येतो, कारण त्याच्या उगमाचा जितका शोध मराठी माणसांनी घेतला तितका आणखी कुठल्या देवाचा घेतला नसेल. नावापासून घ्या. रा. गो. भांडारकरांनी सांगितलं की विष्णूचं कानडी तोंडी रूप होत होत विठ्ठल झालं. विष्णुवर्धन नावाच्या होयसळ राजाला बिट्टिदेव म्हणत, ते याच वळणानं. तुकोबांनी आपली वेगळीच फोड केली: वि म्हणजे गरुड, त्याला वाहन करणारा तो विठोबा. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, ही फोड घरोघरची. ज्ञानदेव तर सरळ ‘कानडा हो विठ्ठलु’ म्हणून मोकळे. मग पांडुरंग. पांडुर म्हणजे पांढरा, आणि आपला देव काळाभोर. भांडारकर म्हणाले, हे नाव मुळात शिवाचं असावं. कुणी म्हणतं, गावाचं कानडी नाव पंडरगे, त्याचं संस्कृत करताना पांडुरंग झालं. देवळातल्या एका लेखात, 1237 सालच्या, होयसळ सोमेश्वराच्या वेळच्या, पुंडरीक मुनी येतो. तोच आपला पुंडलिक. आणि नदीच्या पात्रातल्या पुंडलिकाच्या देवळात जाऊन पाहिलं तर आत आहे शिवलिंग.

मग संशोधक रा. चिं. ढेरे आले. 1984 साली त्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ प्रसिद्ध झाला. त्यांनी मांडलं की विठ्ठल मुळात धनगर-गवळ्यांचा देव. विठ्ठल-बीरप्पा ही जोडी धनगरांमध्ये आजही पुजली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बीरदेवाची यात्रा भरते, तिथं इतका भंडारा उधळतात की माणसं, मेंढ्या, रस्ता सगळं पिवळं होतं. तो देव राजांनी उचलला, मग पंडितांनी त्याला विष्णू केलं, मग संतांनी त्याला आई केलं. त्याआधीही काही अभ्यासकांनी म्हटलं होतं की गाईगुरं वाचवताना पडलेल्या वीराच्या वीरगळापासून, म्हणजे स्मारकाच्या दगडापासून, हा देव घडला असावा. बाबासाहेब आंबेडकर 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला म्हणाले होते की पंढरपूरचा देव मुळात बुद्ध आहे आणि ते आपण सिद्ध करू. पुढे दोन वर्षांतच ते गेले. जैनांचाही दावा आहेच.

ढेऱ्यांचं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते एका पावसाळ्यात, माझ्या सज्जाच्या, म्हणजे तलाठी म्हणून नेमणुकीच्या गावी, रात्री वीज गेलेली असताना. वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हा माणूस फेरफार काढतोय.

ज्यांना शेतजमिनीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातबाऱ्यावर आज जे नाव दिसतं ते कुठून आलं हे बघायचं असेल तर त्या नावाशेजारचा फेरफार क्रमांक घेऊन जुनी फेरफार नोंदवही उघडायची. तिथं लिहिलेलं असतं: अमका मयत, वारस तमके. त्याच्या आधीचा फेरफार: खरेदीनं. त्याच्या आधीचा: वाटपानं. असं मागं मागं जात माणूस ब्रिटिश काळातल्या मोडी नोंदीपर्यंत पोचतो. ढेरे तेच करत होते. आजचा कब्जेदार: विष्णू. आधीचा: गोपाळकृष्ण. त्याआधीचा: बीरप्पाचा भाऊ. नोंद कुणाच्या वर्दीवरून झाली, साक्षीदार कोण, कुणाचं नाव मधेच खोडलं, सगळं.

पण फेरफारातून एक गोष्ट कळते आणि एक कळत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या गावात एक बदनाम नोंद होती. फार पूर्वीच्या एका कुलकर्ण्यानं लाच खाऊन दोन एकर एकाच्या नावावर चढवली, असं अख्खं गाव म्हणायचं. कुलकर्णी लबाड होता, याला तिऱ्हाईत कागदही होते. मी पण मनाशी धरून चाललो होतो की नोंद खोटी. वाद तहसीलला गेला, आणि त्या घरातल्या म्हातारीनं धान्याच्या कणगीमागच्या पत्र्याच्या डब्यातून खरेदीखत काढून दिलं. नोंदणी झालेलं, शिक्क्याचं. जमीन खरोखर विकत घेतलेली होती. लबाड माणसानं, बहुधा पैसे खाऊनच, खरी नोंद केली होती.

म्हणून ‘तुमचा देव तर मुळात धनगरांचा’ असं म्हणून कुणी चर्चा संपवली की मला तो कुलकर्णी आठवतो. विठ्ठल आधी धनगरांचा होता आणि नंतर ब्राह्मणांनी त्याला संस्कृत कपडे घातले, हे शंभर टक्के खरं असलं तरी त्यातून ‘देव नाही’ हे निघत नाही. फार तर एवढं निघतं की ‘युगे अठ्ठावीस’ हा हिशेब कुणीतरी नंतर जोडला.

श्रद्धाळू माणसं मात्र एवढ्यावर खूश होऊन उठतात. त्यांना मी थांबवतो. कारण याची दुसरी बाजू त्यांच्या सोयीची नाही. उगमाची गोष्ट वाचताना मी स्वतःला एक प्रश्न विचारायला शिकलो: देव नसताच, तरी हे सगळं असंच घडलं असतं का? वीराच्या दगडाला शेंदूर लागला असता का? हो, गावोगाव लागतोच. राजानं लोकांच्या देवाला देणगी दिली असती का? दिली असती, लोक हाताशी राहतात. पंडितानं माहात्म्य लिहिलं असतं का? आनंदानं. आषाढीत लाखो लोक चालले असते का? एकदा वाट पडली की माणसं चालतात. प्रत्येक पायरीला माणसाचं कारण पुरतं, देवाची गरज कुठंच लागत नाही. मग लाखांची दिंडी, सातशे वर्षांची परंपरा, हे देव असल्याचा पुरावा म्हणून दाखवता येत नाही. गर्दी खरी असली तरी ती साक्षीला उभी राहू शकत नाही.

कायद्यानं सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरायची असते. काही लोक धर्माच्या बाबतीतही हेच म्हणतात: आमची नोंद जुनी आहे, खोटी असेल तर तुम्ही दाखवा. पण नोंद खरी धरण्यामागं एक कारण आहे. ती करताना नोटीस काढलेली असते, हरकतीला पंधरा दिवस दिलेले असतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. पंढरीच्या नोंदीवर हरकत घ्यायला चोखोबाला कुणी पंधरा दिवस दिले होते? तो तर पायरीच्या आत येऊ शकत नव्हता.

उगम शोधण्याला माझ्या लेखी खरी किंमत इथं आहे. देव आहे की नाही याचा निकाल त्यातून लागत नाही. पण देवाच्या नावावर कोण काय मागतोय, त्याचा निकाल लागतो. हरिजनांना आत घेतलं तर परंपरा मोडेल, असं म्हणणाऱ्यांच्या विरोधात साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपाशी बसले आणि दरवाजे उघडले. बडवे-उत्पात या देवळातल्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क सर्वोच्च न्यायालयात 2014 च्या जानेवारीत संपले. ‘हे अनादि आहे’ असं जो म्हणतो त्याला ‘दाखव बरं फेरफार’ म्हणायलाच पाहिजे.

आता शंकेखोरांकडेही वळतो, म्हणजे माझ्याकडेच. आम्ही लोक चमत्काराला जे पर्यायी स्पष्टीकरण देतो ते पुष्कळदा चमत्काराइतकंच उधारीचं असतं. तुकोबांची गाथा घ्या. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा. आमचं उत्तर ठरलेलं: छे, अभंग लोकांना पाठ होते, लोकगंगेनं गाथा तारली. फार सुंदर उत्तर आहे. मीही भाषणात वापरलंय. पण तुकोबा स्वतः काय म्हणतात? ‘उदकीं राखिले कागद, चुकविला जनवाद.’ लोकांनी पाठांतरावरून पुन्हा लिहून काढलं असं ते कुठं म्हणतात? कागद राखले, असं म्हणतात. बहिणाबाई, त्यांच्याच काळातली, तीही तेरा दिवसांचा उल्लेख करते. म्हणजे साक्ष लांबची नाही, खुद्द वादीची आहे आणि एका समकालीन बाईची आहे. ती बाजूला सारून मला आवडणारी गोष्ट तिथं बसवायला माझ्याकडे कागद कुठला आहे?

तरीही मी वह्या पाण्यात कोरड्या राहिल्या असं मानत नाही. का, तर पाण्यात कागद भिजतो हा रोजचा अनुभव एका पारड्यात टाकला की दुसऱ्या पारड्यात फारच वजनदार साक्ष लागते. आणि त्या ओळीत ‘कोरड्या’ हा शब्दच नाही. राखले, एवढंच आहे. वह्या जाड बासनात घट्ट बांधलेल्या असतील, कडेचीच पानं भिजली असतील, कुणी चोरून काढून ठेवल्या असतील. काय झालं ते मला सांगता येत नाही, आणि आपल्याला सांगता येत नाही असं म्हणायला शंकेखोर माणसाला भयंकर जड जातं.

आत्याच्या पिशवीची गोष्ट सांगायची राहिली. ती माउलींच्या पालखीबरोबर सव्वीस वर्षं चालली. एका वर्षी वेळापूरजवळ तिची कापडी पिशवी गर्दीत गेली. आत पैसे, औषधं, हरिपाठाची पोथी. ती रस्त्याच्या कडेला रडत बसली. दुसऱ्या दिवशी भंडीशेगावच्या मुक्कामात एक काळासा माणूस तिचं नाव विचारत तंबूत आला, पिशवी दिली आणि पाणीही न पिता निघून गेला. “पांडुरंगच त्यो,” आत्या म्हणायची. “पिशवी द्यायला कोण येतंय एवढ्या लांब?”

मी तिची उलटतपासणी घेतली, लाज वाटते पण घेतली. पांढरी टोपी, पांढरं धोतर, काळा माणूस. असे त्या वाटेवर लाखभर असतील. आत्याच्या डोक्यात लहानपणापासून ऐकलेला दामाजीपंत होता, ज्याच्यासाठी देव विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे पैसे भरायला गेला. जनाबाईचं दळण होतं. त्या गोष्टींच्या साच्यात तिनं तो माणूस ओतला. आणि पिशवीच्या आतल्या पट्टीवर तिनंच लाल दोऱ्यानं आपलं नाव आणि ‘रथामागे’ म्हणून दिंडीचा नंबर शिवला होता. तो नंबर बघून कुणीही शेंबडं पोर दिंडी शोधत आलं असतं.

“आणि मागच्या साली चप्पल गेली ती?” मी विचारलं. “ती का नाही आणून दिली?”

“चपलंला काय नंबर हुता?” आत्या म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन इतकी चिडली की दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिला पेचात पकडल्याचा आनंद मला एक रात्र पुरला. पण तिच्या दाव्यात मला खटकत आलंय ते वेगळंच. कुठल्या परिस्थितीत तिनं ‘तो पांडुरंग नव्हता’ असं मानलं असतं? पिशवी मिळाली तर देवाची कृपा, नाही मिळाली तर देव परीक्षा बघतो. जी गोष्ट कशानंच खोटी ठरू शकत नाही ती खरी असण्याचं काय मोठंसं, असं मी तिला नाही, पण स्वतःला अनेकदा सुनावलंय.

मग कधीतरी वाटलं, माझ्या न मानण्याचाही फेरफार काढून बघावा. सरळ निघतो. मी नववीत असताना आई आजारी पडली. घरात नवस झाले, उपास झाले, आत्यानं अनवाणी वारी केली. आई गेली. त्या वर्षापासून मी देवाला हात जोडले नाहीत. वाचन, विवेकवाद, शिबिरं हे सगळं नंतरचं. म्हणजे माझी मूळ नोंद रागातून झालेली आहे, पुरावे मागाहून जोडलेत. आता आत्यानं म्हटलं असतं, की तुझं न मानणं म्हणजे आईचं दुःख आहे दुसरं काही नाही, तर मी काय उत्तर दिलं असतं? हेच की राग कुठून आला ते सोडा, माझे मुद्दे तपासा. जी सवलत मला हवी आहे ती मी तिच्या विठोबाला कधी दिली नव्हती. ‘धनगरांचा देव, साच्यातली आठवण, नंबर शिवलेला,’ एवढ्यावर मी फाईल बंद करत होतो.

नोकरीत एक गंमत मी रोज करत होतो आणि कधी लक्षात आली नव्हती. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर नावाच्या जागी देवाचं नाव लिहायचं. श्री मारुती देव. श्री भैरवनाथ देव. पुजारी नुसता वहिवाटदार, मालक देव. अशा कितीतरी उताऱ्यांवर मी न अडखळता सही केली आहे. तुम्ही आहात का, असं मारुतीला विचारलं नाही. अर्थात कायद्यानं देवाला व्यक्ती मानलंय ती सोय आहे, त्यावरून देव असल्याचं सिद्ध करायला निघालेला एक वकील मला भेटला होता, त्याला मी चहा पाजून वाटेला लावला.

मंडळ अधिकारी झाल्यावर एकदा पंढरपूरहून येताना आत्याला घेऊन माढ्याला गेलो. ढेऱ्यांनी लिहिलंय की पंढरपूरची आजची मूर्ती मूळची नव्हे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी मूळ मूर्ती हलवली, ती माढ्याच्या देवळात आहे. स्कंदपुराणातल्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीच्या छातीवर मंत्राची अक्षरं कोरल्याचं वर्णन आहे, आणि तशी अक्षरं माढ्याच्या मूर्तीवर आहेत, हा त्यांचा मुख्य पुरावा. यावरून केवढं वादळ उठलं होतं. मला ती अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. आत्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

“पंढरी सोडून हितं कशाला आणलंस?” ती पायऱ्या चढताना कुरकुरली. देवळात आमच्याशिवाय एक पुजारी आणि एक झोपलेलं कुत्रं. रांग नाही, ढकलाढकली नाही. आत्यानं सवयीनं हात जोडले, पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून ठेवली. मी पुढं वाकून बघितलं. मूर्तीला गळ्यापासून पायापर्यंत पोशाख होता, वर तुळशीचे हार.

मी पुजाऱ्यांना विचारलं, जरा पोशाख सरकवता का, छातीवर अक्षरं आहेत म्हणतात. ते रागावले नाहीत. बहुधा हे विचारणारा मी पहिला नसेन. म्हणाले, “आता नाही हो. सकाळी स्नानाच्या वेळी या, तेव्हा मोकळी असते मूर्ती. पहाटे.”

बाहेर आल्यावर आत्यानं विचारलं, कसली अक्षरं. मग सांगितलं सगळं: दोन मूर्ती, खान, पुराण, ढेरे. मला वाटलं आता हिचा राग अनावर होणार. ती पायरीवर बसून चप्पल घालत होती. तिनं एक चप्पल घातली, दुसरी हातात तशीच धरून देवळाकडे बघितलं.

“मग ऱ्हाऊ की आजची रात,” ती म्हणाली. “बघू उद्या. कुणी बी दील वसरीवर जागा.”

मी घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी अकराला तहसीलदारांची बैठक होती, आणि कुर्डुवाडीची शेवटची एसटी सुटायला वीस मिनिटं होती. आम्ही ती पकडली.